मनिलाचा पासपोर्ट आणि कळवणची आते

ठरलं होतं मनिलाला जायचं आणि गेले कळवणला. मागच्या पोस्टखाली बऱ्याच जणींनी विचारलंय की फिलिपिन्सचं काय झालं, म्हणून आधीच सांगून टाकते. पासपोर्ट आलाय, कपाटात आहे. बाकी सगळं लांबलंय, आणि त्याला कारण एक शब्द आहे. तो शब्द मी दोन महिने तोंडात धरून बसले आणि नको तेव्हा थुंकले. आता कळवणला जाणारी बस कुठून सुटते हे वाचायला कोणी आलं असेल तर तेही आहे खाली, पण मला क्रमाने सांगू दे, नाहीतर माझंच डोकं फिरेल.

नवरा जहाजावर इलेक्ट्रिशियन आहे. त्याच्या जहाजावरची निम्मी माणसं फिलिपिनो. मागच्या वेळी येताना तिथल्या कुकने दिलेली हार्ड डिस्क घेऊन आला, त्यात चाळीसेक पिक्चर, सगळे प्रेमाचे आणि सगळे विनोदी. मी म्हटलं, तुला सोनं आणायला सुचलं नाही का? पण एका रविवारी सहज एक लावला, आणि मग सवयच लागली. दिवाळीनंतर नवरा परत जहाजावर गेला तेव्हा त्याच्या आई नाशिकला माझ्याकडे राहायला आल्या. आमचा फ्लॅट आडगाव नाक्याजवळ. त्यांना मी आत्या म्हणते. माझं सासर कळवणकडचं, तिकडे सासूला आत्याच म्हणतात, रक्ताचं नातं असो नसो. लांबून हाक मारायची असली की त्याचं ‘ओ आते’ होतं.

मी पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये क्वालिटीला आहे. संध्याकाळी सातला घरी यायचं, भाकरी टाकायची आणि दोघींनी पिक्चर लावायचा. आत्यांना इंग्रजी वाचता येत नाही, फिलिपिनो तर मलाही येत नाही. तरी त्यांना माझ्याआधी सगळं कळायचं. हा खोटं बोलतोय, ही आता रडणार, त्या म्हातारीला पोरगा पसंत पडलाय पण दाखवत नाहीये.

लोक मला विचारतात, कोरियन सोडून हे काय काढलंस? अहो, कोरियन पिक्चरमधली पोरगी मोठ्या घरात एकटी उभी असते आणि खिडकीतून बाहेर बघते. आपल्याकडे कोणाला परवडतं एकटं उभं राहणं? फिलिपिनो पिक्चरमध्ये पोरगा पोरीला भेटायला आला की घरात अकरा माणसं असतात. मावशी त्याचा पगार विचारते, आजोबा त्याला जेवायला बसवतात आणि शेजारीण खिडकीत येऊन मत देते. प्रत्येक घरातलं कोणीतरी परदेशात कमवायला गेलेलं असतं. त्याचा फोटो भिंतीवर असतो आणि आवाज फोनवर. हे मला सांगायला कोणी नको. माझा नवराही भिंतीवर आणि फोनवरच असतो.

आणि तिथली माणसं रुसतात. पडद्याखाली येणाऱ्या इंग्रजी ओळींत नुसतं ‘नाराज’ म्हणून लिहिलेलं असतं, पण ते नाराज नसतात. त्यांच्यात त्याला ‘तांपो’ म्हणतात. नवऱ्याने कुकला विचारलं तर तो म्हणाला, इंग्रजीत याला शब्दच नाही. माणूस भांडत नाही, कारण सांगत नाही, फक्त बाजूला होतो. विचारलं तर म्हणतो, काही नाही. मग दुसऱ्याने ओळखायचं आणि मनवायचं. मी फोनवर ओरडलेच, अरे, हा तर रुसवा! आमच्याकडे लग्नात जावई करतो तो. त्या रात्री मला वाटलं होतं की मी मोठा शोध लावला.

आता तो दुसरा शब्द. या पिक्चरांमध्ये दर पाचव्या मिनिटाला कोणीतरी ‘आते’ अशी हाक मारतं. त्यांच्या भाषेत आते म्हणजे मोठी बहीण. हे खाली इंग्रजीत स्पष्ट लिहिलेलं असतं. आत्यांना ते वाचता येत नव्हतं आणि आते म्हणजे सासू, हे तर त्यांना जन्मापासून ठाऊक. त्यामुळे मी बघत होते त्या पिक्चरमध्ये दोन बहिणी असायच्या आणि आत्या बघत होत्या त्यात सासू-सून.

एका पिक्चरात मोठी बहीण हाँगकाँगला धुणीभांडी करते, धाकटीला शिकवते, आणि दर काही महिन्यांनी एक मोठं खोकं भरून घरी पाठवते. साबण, चॉकलेट, टॉवेल, बूट. धाकटी खोक्यात डोकं घालून वास घेते. तिथे आत्यांनी पदर डोळ्याला लावला. म्हणाल्या, बघ, सासू असून सुनेसाठी दुसऱ्याच्या घरी भांडी घासती. मी तोंडावर उशी दाबून हसले. नवऱ्याला फोनवर सांगितलं, तोही हसला. आणि मी ते दुरुस्त केलं नाही. का करायचं? रोजची मजा होती ती. एखाद्या आतेचं लग्न जमलं की आत्या अस्वस्थ व्हायच्या, ‘या वयात?’ म्हणायच्या, आणि मग तिच्या बाजूने बोलायला लागायच्या.

मग मार्चमध्ये सोसायटीतल्या तिघी चहाला आल्या. आत्या त्यांना त्या खोक्याची गोष्ट रंगवून सांगत होत्या, तिकडच्या सासवा कशा जीव लावतात वगैरे. त्या दिवशी पॅकहाऊसमध्ये एक अख्खा कंटेनर परत आलेला, माझं डोकं आधीच फिरलेलं. मी हसत हसत, पण सगळ्यांसमोर म्हटलं, “अहो आत्या, आते म्हणजे मोठी बहीण. दोन महिने तुम्ही बहिणीला सासू करून बसलाय.” तिघी खो खो हसल्या. आत्याही हसल्या. उठल्या आणि कपबशा विसळायला गेल्या.

तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, कांदे काढायला आलेत, गावाला जाऊन येते. काही झालंय का, असं मी विचारलं. म्हणाल्या, काही नाही.

अकरा दिवस गेले. फोन केला की ‘हा’, ‘बरं’, ‘जेवली का’. एक पिक्चर एक तास बारा मिनिटांवर थांबलेला, तो काही मला पुढे नेववेना. टीव्ही लावायचा, बंद करायचा. गॅलरीत जायचं, परत यायचं. बाराव्या दिवशी रजा टाकली.

आता प्रवास. नाशिकहून कळवणला जायचा सरळ रस्ता दिंडोरी-वणीवरून, साधारण दोन-अडीच तास. पण चैत्रात त्या रस्त्याला गडावरच्या देवीच्या यात्रेची गर्दी असते. मी सकाळी स्टँडवर गेले तर कळवणच्या गाडीच्या दारातच नारळाच्या पिशव्या आणि माणसं लोंबकळत होती. कंडक्टरला विचारलं, दुसरी कधी? तो म्हणाला, ताई, दुसरीपण अशीच येणार. माझ्याने उभं राहवेना. समोर मालेगावची गाडी लागली होती, तिच्यात चढले. पिंपळगाव, चांदवड करून देवळ्यावरून जाऊ म्हटलं. लांब पडतं, पण गाडी हलत तर राहते. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेव्हा फेरा पडला तरी फार वाटत नाही.

हायवेला लागल्यावरही मला स्वस्थता नव्हती. खिडकीची जागा सोडून आतली घेतली, मग उन्हाची बाजू म्हणून पलीकडे गेले. शेजारच्या बाईने शेवटी विचारलं, तुम्हाला लागतंय का गाडी? मी नाही म्हटलं. मनात वाक्यं जुळवत होते. ‘आत्या, माझं चुकलं’ असं तोंडावर म्हणायचं, की आधी चहा घ्यायचा? पिक्चरमध्ये पोरगा गिटार घेऊन अख्ख्या गल्लीसमोर उभा राहतो. मी कळवणच्या पुढे आठ किलोमीटरवर, कांद्याच्या शेतात, काय घेऊन उभी राहणार होते?

म्हणून पिंपळगावला उतरले. आमचं पॅकहाऊस फाट्यापासून चालत दहा मिनिटांवर. रजेच्या दिवशी मी आलेली बघून सुपरवायझर घाबरला, त्याला वाटलं तपासणी आहे. एक्स्पोर्टमधून बाजूला काढलेल्या, मणी जरा लहान पण गोडीला पक्क्या अशा द्राक्षांचं एक खोकं भरून घेतलं. कंपनीचं छापील खोकं, दोन्ही बाजूंना हात घालायला भोकं असलेलं. तुम्ही सीझनमध्ये या रस्त्याने जात असाल तर हायवेवरच्या टपऱ्यांवर घाई करू नका, गावात शिरून घ्या. कोल्ड स्टोरेजपुढे टेम्पोंची रांग लागलेली असते, तिथल्या कोणालाही विचारा, चांगला माल कुठे मिळेल ते सांगतात.

पुढची देवळ्याची गाडी पाऊण तासाने मिळाली. मांडीवर खोकं, आणि बाहेर दोन्ही बाजूंना काढलेल्या कांद्याच्या ओळी. चांदवड सोडून आत वळल्यावर रस्ता अरुंद होतो, छोटा घाट लागतो आणि समोरून ट्रॅक्टर-ट्रॉल्या येत राहतात. गाडी स्वतः चालवत असाल तर घाई नको. मागच्या सीटवर दोघं कांद्याच्या भावावर बोलत होते. एक म्हणाला, आज विकला तर पस्तावशील. दुसरा म्हणाला, नाय विकला तरी पस्तावणारच हे, मंग आजच पस्तावू. मला हसू आलं.

देवळ्याच्या स्टँडवर अर्धा तास होता. भूक लागली होती म्हणून भेळभत्ता घेतला, वर कांदा-मिरची, कागदात. आणि तिथे बाकावर बसून खाताना मला माझा डबा आठवला.

माझ्या डब्याचं असं आहे की लग्नाला सहा वर्षं झाली, तो मीच भरते. आत्या आल्या तेव्हाही मीच भरायचे, त्या पूजा आणि चहा यातच असायच्या. मग जानेवारीत एक दिवस उठले तर डबा भरलेला, रुमालात बांधलेला, बाटलीत पाणी. त्या दिवसापासून रोज. मला वाटलं, रिकाम्या बसून कंटाळल्या असतील. बाकावर बसून मी आठवत गेले. तो डबा पहिल्यांदा भरला गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही कुठला पिक्चर पाहिला होता? खोक्याचा. त्या मोठ्या खोक्याचा. मला अगदी नीट आठवतंय, कारण दुसऱ्या दिवशी संक्रांतीची भोगी होती आणि डब्यात तीळ लावलेली भाकरी होती. आणि त्या तिघींसमोर मी ते वाक्य बोलले त्याच्या दुसऱ्या सकाळी डबा नव्हता. मी कँटीनला जेवले आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

उरलेला भेळभत्ता तसाच पिशवीत टाकला.

देवळा ते कळवण फार अंतर नाही. कळवणच्या बाजारपेठेतून गावाकडे शेअर जीप जाते, भरल्याशिवाय सुटत नाही. मी भरायची वाट बघत जीपभोवती चार चकरा मारल्या. ड्रायव्हर म्हणाला, बसा ना ताई, चालून गाडी नाय भरत.

दुपारी दीडला पोचले. आत्या शेतात होत्या. त्यांची धाकटी जाऊ, जिला मी काकू म्हणते, ती आणि आणखी दोन बाया अशा ओळीत बसून कांद्याची पात कापत होत्या. मला पाहून काकू उठली, पाणी दिलं, द्राक्षं पाहून खूश झाली. आत्यांनी ‘आलीस का’ म्हटलं आणि विळा चालू ठेवला. मी चप्पल काढून त्यांच्याशेजारी बसले. दुसरा विळा होता तो घेतला. पात किती ठेवून कापायची ते मला माहीत नव्हतं. पहिले दहा-बारा कांदे मी अगदी मानेशी कापले. आत्यांनी ते वेगळे काढून टोपलीत टाकले. तसे कापलेले कांदे साठवणीच्या चाळीत टिकत नाहीत, सडतात, हे मला काकूने सांगितलं.

तासभर मी कापत राहिले. माझ्या बोटाला फोड आला. काकू आणि त्या बाया पाणी प्यायला विहिरीवर गेल्या तेव्हा मी म्हटलं, आत्या, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर हसले, चुकलं माझं.

“हसलीस त्याचं काय नाय,” त्या म्हणाल्या. विळा थांबला होता. “दोन महिने तुला ठावं व्हतं. मी एवढं बोलायची, तू हा हा म्हणायची. मंग मी बोलत कुणाशी व्हते?”

बसमध्ये जुळवलेलं एकही वाक्य कामाचं नव्हतं. खरं होतं तेवढं सांगितलं, की मला मजा वाटत होती. आणि हेही सांगितलं की नुसती मजा नव्हती. त्या सांगायच्या तो पिक्चर मला समोरच्या पिक्चरपेक्षा आवडायला लागला होता. आता एकटीने लावते तर त्यात नुसत्या दोन बहिणी दिसतात आणि बघवत नाही. डब्याचंही बोलले. म्हटलं, मला आज कळलं, देवळ्याच्या स्टँडवर.

डब्याचं ऐकून त्यांनी मान फिरवली. मग विचारलं, “मंग नक्की बहीणच हे का ती?”

“हो. मोठी बहीण.”

“बहिणीसाठी तर कोणी बी करंल,” आत्या म्हणाल्या आणि पुढचा कांदा उचलला. “सासूनं केलं तर त्याचा पिक्चर व्हईल. त्या लोकांना कळलं नाय.”

मी हसावं की नाही ते मला कळेना. त्या हसत नव्हत्या. तेवढ्यात काकू परत आली आणि बोलणं कांद्यावर गेलं.

दुसऱ्या दिवशी निघताना मी विचारलं, येता का माझ्याबरोबर? म्हणाल्या, कांदा चाळीत पडू दे. कधी पडेल? म्हणाल्या, पडंल तेव्हा पडंल. थांब म्हणाल्या नाहीत, जा असंही म्हणाल्या नाहीत. मी द्राक्षांचं रिकामं खोकं टाकून द्यायला निघाले तर माझ्या हातातून घेतलं, असू दे म्हणाल्या, कामाला येतं. परतीच्या बाजूला वणीचा रस्ता मोकळा होता, गर्दी सगळी गडाकडे जाणारी. अडीच तासांत घरी. सगळी वाट मी एकच गोष्ट घोळवत बसले, की मनवायला गेले आणि मनवून आले की नाही तेच कळलं नाही. पिक्चरमध्ये निदान शेवटी गाणं लागतं.

घरी येऊन पुन्हा तेच. टीव्ही लावायचा, बंद करायचा. रविवारी नवऱ्याचा फोन आला, त्याला सगळं सांगितलं. या वेळी तो हसला नाही. म्हणाला, कुकला सांगू का? मी म्हटलं, कुकला कशाला, आईला फोन कर.

परतल्यावर सहाव्या दिवशी दुपारी मला पॅकहाऊसच्या गेटवरून बोलावणं आलं. कळवणकडचा एक टेम्पोवाला माल टाकायला आला होता आणि माझ्या नावाचं काहीतरी घेऊन आला होता. बघते तर आमच्याच कंपनीचं छापील खोकं, सुतळीने चारी बाजूंनी बांधलेलं. मला वाटलं शेंगा असतील, कुरडया असतील. जड होतं. जेवणाच्या सुट्टीत पॅकिंगच्या टेबलावर ठेवून सुतळी कापली.

आत चार साबण होते, आम्ही वापरतो तोच, आडगाव नाक्यावर प्रत्येक दुकानात मिळतो तो. एक टॉवेल, किमतीचा कागद न काढलेला. चॉकलेटची दोन मोठी पाकिटं, उन्हाने जरा मऊ झालेली. कॅनव्हासचे बूट, माझ्या मापापेक्षा एक नंबर मोठे. कांदा एकही नाही. कळवणच्या बाजारात आत्या दुकानादुकानांतून हे सगळं विचारत हिंडल्या असणार. माझ्या टेबलाच्या पोरी म्हणाल्या, ताई, हे कोणी पाठवलं, इथे मिळत नाही का?

मी खोक्यात डोकं घातलं. साबणाचा वास, नव्या टॉवेलचा आणि त्याच्या खाली थोडासा द्राक्षांचा.

मग फोन लावला. दोन रिंगमध्ये उचलला. मागे काकूचा आवाज, कोणाला तरी पाणी द्यायला सांगत होती.

“पोचलं का खोकं?”

“पोचलं, आते,” मी म्हटलं.

मनिलाचं मला विचाराल तर बघू. पासपोर्ट दहा वर्षांचा आहे, आणि आता मी एकटी जाणार नाही म्हणून आत्यांचाही काढायचा म्हणतेय. आधी कांदा चाळीत पडू दे. बूट मोठे होतात म्हणून मी आत जाड मोजे घालते. डिस्क टीव्हीला लावलेलीच आहे, पिक्चर एक तास बारा मिनिटांवर थांबलेला आहे, आणि रोज सकाळी डबा मीच भरते. हल्ली दोन भाकऱ्या जास्त टाकते, कारण कळवणहून गाडी कधी येईल ते आत्या सांगत नाहीत.